अंगठी पँटच्या खिशात सापडली

मावशी, लग्नाला आठ महिने झाले. माहेर सांगलीचं, सासर कोल्हापूरजवळ. हे शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर असतात. साखरपुड्याला माझ्या वडिलांनी ह्यांना पाच ग्रॅमची अंगठी घातली, आतून माझं नाव कोरलेलं. लग्नानंतर महिनाभरातच ती बोटातून गेली. आधी म्हणाले घट्ट होते. मग म्हणाले मशीनवर चालत नाही. मागच्या आठवड्यात कपडे भिजवताना पँटच्या खिशात सापडली. रविवारीसुद्धा बोट मोकळंच. तेव्हा हे अंगणात ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकल खोलून बसलेले असतात. सासूबाई म्हणतात, लग्नाची अंगठी काढून ठेवणं बरं नव्हे. मैत्रीण म्हणते, लग्न झालंय हे बाहेर कळू नये म्हणून पुरुष असं करतात. मी गळ्याची शपथ घातली तेव्हा दोन दिवस घातली, पुन्हा काढली. मी मात्र एकही सौभाग्यलेणं उतरवत नाही. संध्याकाळी सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत बसते तेव्हाही हातभर बांगड्या असतात. मग त्यांनाच एक अंगठी जड का?

– एक नाराज बायको

अगं नाराज बायको,

आधी एक काम कर. आज हे घरी आले की ‘शपथ सुटली’ म्हण. बाकीचं भांडण नंतर सावकाश भांडा, पण ती शपथ रात्रभरही ठेवू नकोस. ते दोन दिवस तुझा नवरा तुझ्यासाठी अंगठी घालून लेथवर उभा राहिला, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

लेथ तू कधी चालू असताना पाहिलंयस का? चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात, धरलेला जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो. कापलं जाणारं लोखंड लांब, कुरळ्या, धारदार पट्ट्यांनी बाहेर पडतं. त्यातली एखादी अंगठीत अडकली, किंवा हाताने पॉलिश पेपर लावताना अंगठीच जॉबला लागली, तर मशीन थांबत नाही. बटणापर्यंत दुसरा हात जायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हातमोजे घालून भागेल का, असं तुझ्या मनात येईल. नाही भागणार. फिरत्या मशीनवर हातमोजा अंगठीपेक्षाही वाईट, तो अख्खा हात आत ओढतो. बाही सैल नको, हातात घड्याळ नको, कडं नको, अंगठी नको, हे चांगल्या कारखान्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. १९४८ च्या कारखाना कायद्यातही चालतं यंत्र तपासणाऱ्या, त्याला तेल घालणाऱ्या कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं कलम होतं. थोडक्यात, अंगावर लोंबतं-अडकतं काही नको.

आणि ही फक्त कारखान्यातली गोष्ट नाही. टेम्पोच्या फाळक्यावरून खाली उडी मारताना अंगठी कडीत किंवा खिळ्यात अडकते, माणूस जमिनीवर येतो आणि त्याचं सगळं वजन त्या एका बोटावर लोंबकळतं. गेटवरून चढून जाताना तसंच. अमेरिकेतला टीव्हीवरचा प्रसिद्ध सूत्रसंचालक जिमी फॅलन जून २०१५ मध्ये स्वतःच्या घरात, स्वयंपाकघरात, पायाखालच्या सतरंजीला अडखळला. तोल सावरायला हात टेकला तर लग्नाची अंगठी ओट्याच्या कडेला अडकली. सहा तास शस्त्रक्रिया झाली, पायातली शीर काढून बोटात घालावी लागली आणि दहा दिवस आयसीयूत गेले. ना मशीन, ना गाडी. घरातली सतरंजी!

यात बोट कापल्यासारखं कापलं जात नाही, हे मुद्दाम सांगते. अंगठी हाडावरून सरकताना कातडी, शिरा, रक्तवाहिन्या सगळं ओढून नेते, हातमोजा उलटा काढावा तसं. विळीने कापलेलं बोट जोडणं त्या मानाने सोपं, कारण रक्तवाहिनी एका जागी तुटलेली असते. इथे ती लांबवर ताणली जाऊन आतून फाटलेली असते. सर्जन लोक १९८१ पासून या दुखापतीचे तीन वर्ग करतात: रक्तपुरवठा शाबूत, रक्तपुरवठा गेलेला, आणि कातडी पूर्ण सोलून निघालेली किंवा बोटच तुटलेलं. तिसऱ्यात पुष्कळदा बोट वाचवण्याचा हट्टच सोडून देतात.

(देव न करो, पण कारखान्यात कुणाचं बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात घालायचं नाही. हे ह्यांनाही सांग, तिथल्या दहा जणांना सांगतील.)

आता तुझ्या संशयाकडे येते. दोन वेगवेगळी कारणं दिली म्हणून तुला खोटं वाटलं. मला तर दोन्ही खरी वाटतात. दिवसभर हाताने काम करणाऱ्याची बोटं उन्हाळ्यात, संध्याकाळपर्यंत फुगतात, आणि घट्ट अंगठी ही सैल अंगठीपेक्षा जास्त धोक्याची, कारण अडकली तर सुटत नाही. मला स्वतःला आठवा महिना असताना एका रात्रीत बोटं इतकी सुजली की अंगठीखालचं बोट निळं पडायला लागलं. तेल झालं, साबण झाला, हात वर धरून बसले. शेवटी दवाखान्यातल्या एका नर्सने टाके घालायचा दोरा अंगठीखालून सरकवला, पुढच्या बाजूला सांध्यावरून घट्ट वेढे घातले आणि मागचं टोक ओढत अंगठी एकेक वेढ्यावरून पुढे आणली. नसती निघाली तर कापायचीच होती. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, छोट्या कटरने पटकन कापलं जातं. शहरात अग्निशमन दलाचे लोकही अशा अडकलेल्या अंगठ्या कापून देतात. माझी अंगठी त्यानंतर चार महिने कपाटात होती आणि माझ्या संसाराला काही झालं नाही, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला कळतं, पण अंगठी आपल्याकडे साखरपुड्याबरोबर आली. सप्तपदीत ती कुठे आहे? लग्नात अंगठी म्हटली की मला तर हळदीच्या पाण्यात ती शोधायचा खेळच आठवतो, आणि त्यात कुणीतरी चिडून रडतंच.

रविवारचं म्हणशील, तर ट्रॅक्टरची बॅटरी सोडवतानाही अंगठी नकोच. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाना एका टर्मिनलला लागला आणि पाना धरलेल्या हातातली अंगठी गाडीच्या लोखंडाला टेकली, तर त्यातून शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि क्षणात सोनं निखाऱ्यासारखं तापतं. बोटाभोवती गोल भाजतं. तेव्हा रविवारी सकाळीही बोट मोकळंच बरं.

पण एका बाबतीत तू शंभर टक्के बरोबर आहेस. तुझ्या वडिलांनी घातलेली, तुझं नाव कोरलेली वस्तू ग्रीस लागलेल्या पँटच्या खिशात रुमालाबरोबर कोंबलेली सापडली, तर कुणालाही लागेल. ह्यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तुला समोर बसवून सांगायला हवं होतं की मशीनवर अंगठी घालत नसतात. नाही सांगितलं. का नाही, याचा माझा अंदाज: कारखान्यातल्या अपघातांच्या गोष्टी नवीन बायकोला कुणी सांगत नाही. तिने रोज घाबरत डबा भरावा असं वाटत नाही. चूक आहे, पण तुझ्या मैत्रिणीला वाटते ती चूक नव्हे. लग्न लपवायचं असतं तर अंगठी घरी येण्याआधी पुन्हा बोटात गेली असती, हे तिला विचार.

अंगठीची जागा ठरवा. देव्हाऱ्यात एक वाटी ठेव. सकाळी डबा घेताना तिथे काढायची. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर घालायची की नाही हे त्यांच्यावर सोड, पण सणाला, लग्नकार्याला, तुझ्या माहेरी जाताना बोटात हवी, एवढं हक्काने माग. साखळीत ओवून गळ्यात घाला असं कुणी सुचवेल. लेथवर ते नको, वाकल्यावर साखळी बाहेर येते. सिलिकॉनच्या अंगठ्या मिळतात, ओढ बसली की तुटतात. लग्नघरी मिरवायला ठीक, मशीनवर त्याही नकोत. आणि घट्ट झालीच असेल तर सोनाराकडून माप वाढवून घ्या. नाव कोरलेलं तसंच राहील अशा बेताने कर म्हणावं.

आता खरं बोलायचं ते पुढे आहे. तुझ्या पत्रात एक वाक्य तू अभिमानाने लिहिलंयस आणि मी ते तीनदा वाचलं. गिरणीत बसतेस, हातभर बांगड्या घालून. मोटरचा पट्टा उघडाच असेल, बऱ्याच जुन्या गिरण्यांत असतो. काचेची बांगडी फुटेल तरी. सोन्याची पाटली किंवा कडं फुटत नाही, ते हाताला घेऊन जातं. ओढणी त्याहून वाईट, तिच्यामागे मान जाते. नवऱ्याने मशीनसमोर जे अंगावरून उतरवलं, तेच तू दुसऱ्या मशीनसमोर अंगावर चढवून बसतेस, आणि घरात एकालाही त्यात वावगं वाटलेलं नाही! तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो तर लेथवरचा माणूस. हे भांडण मात्र त्याच्याशी जरूर कर.

सासऱ्यांना सांगून पट्ट्याला लोखंडी जाळी बसवून घे, वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो. तोवर गिरणीत ओढणी घरी ठेवायची, केस बांधायचे, पाटल्या-कडी काढून जायचं आणि लांब मंगळसूत्राऐवजी गळ्याबरोबरचं छोटं घालायचं. सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग, मी ऐकून घेईन.

जोडवी राहू देत. पायाने दळण कुणी टाकत नाही.

– मावशी