पासाडेनाचा इतिहास दमोहपासून लिहावा

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक आशीर्वाद. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील फुलर सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेच्या आंतरसांस्कृतिक अभ्यास विद्यालयाचा इतिहास लिहिण्याचा तुझा आराखडा वाचला. मांडणी नेटकी आहे. पण ती 1965 साली पासाडेनात सुरू होऊन, 'जागतिक मिशन विद्यालया'ला हे नवे नाव मिळाले त्या 2003 च्या नामांतरापाशी थांबते, आणि नेमके तेच मला खटकते.

सुरुवात मध्य प्रदेशातील दमोहपासून कर. विद्यालयाचे संस्थापक डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म 1897 मध्ये तिथे, एका मिशनरी घराण्यात झाला. पुढे स्वतः मध्य भारतात मिशनरी म्हणून काम करताना त्यांना एक प्रश्न छळू लागला: शाळा चालतात, दवाखाने चालतात, परदेशातून पैसाही येतो, तरी ख्रिस्ती मंडळी का वाढत नाही, आणि दुसरीकडे कुठे तरी वस्तीच्या वस्तीने एकदम बाप्तिस्मा कसा घेतला? अशा सामूहिक धर्मांतरांवरचा मिशनरी वास्कॉम पिकेट यांचा अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा मॅकगॅव्हरन यांच्यावर खोल परिणाम झाला. माणूस एकटा निर्णय घेत नाही, तो आपल्या भावकीसह घेतो, हे सूत्र त्यांनी पकडले आणि छत्तीसगडातील सतनामी समाजात अनेक वर्षे राहून ते पडताळून पाहिले. 1961 मध्ये ओरेगनमधील यूजीन येथे त्यांनी एक लहानशी संस्था काढली. तीच 1965 मध्ये फुलरमध्ये जागतिक मिशन विद्यालय म्हणून उभी राहिली.

प्राध्यापकांची यादी देऊन पाने भरू नकोस. ॲलन टिपेट फिजीहून आले, राल्फ विंटर ग्वाटेमालाहून, चार्ल्स क्राफ्ट नायजेरियातील अनुभव घेऊन आले, एवढे एका परिच्छेदात पुरे. खरे महत्त्व याला आहे की ही माणसे वर्गात जे शिकवत होती, त्यातले बरेचसे परक्या गावांत, परक्या भाषेत अडखळताना सुचलेले होते.

पॉल हीबर्ट यांच्यापाशी मात्र थांब. 1932 मध्ये हैदराबादजवळच्या शमशाबादला जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ 1977 मध्ये फुलरमध्ये आले. त्याआधी ते भारतात मिशनरी असताना तेलंगणातील एका खेड्यात देवीची साथ आली, तेव्हा ग्रामदेवता मैसम्मा कोपली आहे असे ठरून घरोघरी वर्गणी मागितली गेली. ख्रिस्ती कुटुंबांनी नकार दिला, तसे दुकानदार त्यांना माल देईनासे झाले. त्यातच एका ख्रिस्ती मुलीला देवी आल्या आणि मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ हीबर्ट यांच्याकडे प्रार्थनेसाठी आले. धर्मशास्त्र आणि विज्ञान दोन्ही शिकलेल्या हीबर्ट यांना त्या घडीला काय करावे ते उमगेना. एका बाजूला परमेश्वर आणि परलोक, दुसऱ्या बाजूला रोगजंतू आणि औषध; मधल्या जागेत, जिथे गावाचे सगळे भय आणि नवस नांदतात, तिथे त्यांच्या शिक्षणात काहीच नव्हते. 1982 च्या त्यांच्या गाजलेल्या लेखाचा गाभा हाच आहे. मिशनरीने शिकवायला जावे आणि त्याच्याच विद्येतली पोकळी गावाने दाखवून द्यावी, हा या विद्यालयाच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो.

आता अवघड भाग. लोकांना आपली जात, भाषा किंवा वर्ग न ओलांडता ख्रिस्ती होणे आवडते, या मॅकगॅव्हरन यांच्या निरीक्षणातून 'एकजिनसी गटा'चे तत्त्व निघाले. निरीक्षण म्हणून ते चुकीचे नाही. पण धोरण म्हणून त्याचा अर्थ जातवार मंडळ्या असाही होऊ शकतो, आणि भारतीय वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. जून 1977 मध्ये पासाडेनातच ब्रिटिश धर्मगुरू जॉन स्टॉट यांच्या अध्यक्षतेखाली या तत्त्वावर सल्लामसलत झाली आणि लॅटिन अमेरिकेतील धर्मशास्त्रज्ञ रेने पादिया यांनी त्याला ठाम विरोध केला. ती चर्चा सविस्तर मांड, कुणाचाही वकील न होता. संस्थेचे भक्त हा वाद दोन ओळींत उरकतात आणि टीकाकार सगळा इतिहासच त्यात बुडवतात. मला दोन्ही आळशीपणाचे वाटते.

याच ओघात नारायण वामन टिळकांचा उल्लेख अस्थानी होणार नाही, मात्र तळटीपेपुरताच. ख्रिस्ती होऊनही इथल्या मातीचेच राहण्याचा प्रश्न त्यांनी अभंगांतून आणि 1917 च्या 'देवाचा दरबार' या आपल्या ख्रिस्ती संघातून सोडवायला घेतला होता, तोही पासाडेनात विद्यालय निघण्याच्या कितीतरी आधी.

नामांतराला शेवट मानू नकोस. प्रमाणपत्रावर 'मिशन' हा शब्द असला की अनेक देशांत काम करणे कठीण होते, ही व्यवहारी अडचण त्यामागे होतीच; पण परक्या संस्कृतीचा अभ्यास हा धर्मप्रसाराचा मार्ग आहे की स्वतंत्र विद्या आहे, हा जुना ताणही तिथे दिसतो. दक्षिण कॅलिफोर्नियातीलच बायोला विद्यापीठातही अशाच नावाचे विद्यालय निघाले. तुलना त्याच्याशी कर. आशिया-आफ्रिकेतून येऊन फुलरमध्ये शिकलेल्यांचे प्रबंधही वाच, कारण तुझ्या आराखड्यात शिकवणारेच आहेत, शिकलेले कोणी नाहीत. दमोहचे प्रकरण लिहून झाले की आधी तेवढेच पाठव.

तुझा हितचिंतक