येण्याजाण्याचे पैसे कसे लावायचे? पेट सिटरांचे प्रश्न

गणपतीत गावी जाणाऱ्यांचे फोन सुरू झाले की पेट सिटरांची, म्हणजे मालक बाहेर असताना त्यांच्या घरी जाऊन प्राणी सांभाळणाऱ्यांची, पत्रंही वाढतात. या खेपेला बहुतेकांना एकच पेच पडलाय: गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोचायचे पैसे मागायचे कसे? त्यातली काही पत्रं आणि माझी उत्तरं.

मी घाटकोपरला राहते. मांजरांची पाऊण तासाची व्हिजिट ४०० रुपयांना करते. अंधेरीच्या लोखंडवालातून काम आलंय. किलोमीटरला १० रुपये लावले तर पुरतील का?

किलोमीटर विसरा. बोरिवली ते चर्चगेट साधारण ३४ किलोमीटर, जलद लोकलने तासाभरात उरकतं. मालाड ते पवई त्याच्या जेमतेम एक तृतीयांश, पण संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला सापडलात तर तासही पुरत नाही. मुंबईत अंतर घड्याळावर मोजायचं, तेही घराच्या दारापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत.

तुमचंच गणित करू. मेट्रो आणि पुढे रिक्षा, एका बाजूचे ६५ रुपये धरा, म्हणजे जाऊन-येऊन १३०. चालणं, जिना, तपासणीची रांग, रिक्षावाल्याची मनधरणी धरून एका बाजूला ५० मिनिटं. म्हणजे ४०० मधून १३० गेले, उरले २७०, आणि त्यासाठी तुमचे जवळजवळ अडीच तास गेले. तासाला ११० च्या आसपास. तुमच्याच इमारतीतल्या बोक्याला खाऊ घालून याल तर तेच ४०० तासाभरात हातात येतात.

माझा हिशेब असा: प्रवासाच्या वेळेला कामाच्या निम्मा दर, वर प्रत्यक्ष भाडं. तुमच्या बाबतीत तासाला २०० धरले तर १०० मिनिटांचे सव्वातीनशेहून थोडे जास्त, अधिक १३०, अधिक मूळचे ४००. बेरीज सुमारे ८६०. आकडा ऐकून गिऱ्हाईक पळालं तर पळू द्या. ते काम तुमच्यासाठी नव्हतंच. रात्रीच्या मुक्कामाचं असेल तर मात्र घ्या. मुक्कामात तोच प्रवास एकदाच होतो आणि सगळं गणित बदलतं.

दर वेळी ही आकडेमोड नको असेल तर पट्टे पाडा. घरापासून १५ मिनिटांपर्यंत वेगळं काही नाही, ते ४०० मध्येच आलं. ३० मिनिटांपर्यंत व्हिजिटमागे २०० जादा, ४५ पर्यंत ३५०, त्यापुढे फक्त मुक्काम. स्टेशनांची नावं घालून हे रेटकार्डवर लिहा. "घाटकोपर, विक्रोळी, विद्याविहार" असं वाचलं की लोक घासाघीस कमी करतात.

माझ्याकडे लोकलचा पास आहे. मग दादरच्या कामाला प्रवासखर्च शून्यच ना?

तिकीट शून्य, वेळ नाही. पासाचे पैसे तुम्ही भरलेत, त्याचा फायदा तुमचा. दादरच्या पुलावर सकाळी नऊला कोपर खात मध्य रेल्वेवरून पश्चिमेला जायचं हे काही फुकट करण्यासारखं काम नाही.

मी सिटर नाही, कुत्र्याची मालकीण आहे. आम्ही गोरेगावात, सिटरही गोरेगावात. तरी ती व्हिजिटमागे दीडशे जास्त घेते. हे लुबाडणं नाही का?

तुम्ही फिल्म सिटी रोडला आणि ती बांगूर नगरला राहत असेल तर मुळीच नाही. पूर्व-पश्चिम करायला रुळ आणि हायवे दोन्ही ओलांडावे लागतात. कुत्रा दिवसातून दोनदा फिरवायचा म्हणजे तिच्या चार फेऱ्या. हो, एक गोष्ट तिला जरूर विचारा: दीडशे व्हिजिटमागे की दिवसामागे? हे आधी ठरलं नाही की शेवटच्या बिलावर भांडण होतं. आणि खर्च कमीच करायचा असेल तर मुक्कामाचा दर विचारून बघा. दोन व्हिजिटांच्या वर फार जात नसेल तर कुत्र्यालाही सोबत मिळेल.

ठाण्यात एकाच सोसायटीत माझी दोन गिऱ्हाइकं आहेत. प्रवासाचे पैसे दोघांत वाटू का?

मी तरी वाटणार नाही. एकाने ऐन वेळी बेत रद्द केला की दुसऱ्याला "आता तुम्हाला पूर्ण" असं सांगायचं कुणी? दोघांनाही पट्ट्याचा ठरलेला दर, आणि वाचलेली फेरी तुमची कमाई. वेळापत्रक तुम्ही जुळवलंत. मात्र पहिल्या गिऱ्हाइकानेच शेजाऱ्याचं काम आणून दिलं असेल तर त्याला एखाद्या व्हिजिटचा प्रवास माफ करा. तेवढा व्यवहार पाळावा.

मेगाब्लॉक, रात्रीची वेळ, धो धो पाऊस, याचे वेगळे पैसे लावावेत का?

रविवारच्या मेगाब्लॉकचे नाहीत. तो आधी जाहीर होतो, तुम्ही अर्धा तास लवकर निघा. रात्रीचे लावा. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत रिक्षा-टॅक्सीचं भाडं सव्वापट होतं, लोकल काही तास बंदच असते, आणि वांद्रे किंवा शीवच्या पलीकडे शहराकडे जायचं तर तिथे रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच करावी लागते. रात्री अकरानंतर किंवा पहाटे सहाआधी जायचं असेल तर टॅक्सीचं खरं भाडं गिऱ्हाइकाकडून, असा साधा नियम ठेवा.

पावसाचं वेगळं आहे. पाणी तुंबल्यावर दर वाढवणं मला पटत नाही, कारण त्या दिवशी प्रश्न पोचता येईल का हा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा जो जिथे होता तिथेच अडकला. म्हणून जून ते सप्टेंबरची कामं घेताना एक अट घाला: त्याच इमारतीतल्या कुणाकडे तरी जादा किल्ली हवी, आणि प्राण्याला त्या माणसाची ओळख हवी. किल्ली ठेवायला कुणीच नसेल तर पावसाळ्यात लांबचं काम मी घेत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी अडकलात तर त्या रात्रीला मुक्कामाचा दर लागेल का, हेही आधीच लिहून घ्या. माझ्या मते निम्मा लावावा.

पहिल्या भेटीला जाते त्याचे पैसे मागायला संकोच वाटतो.

जवळच्या पट्ट्यात मागू नका. लांबच्या पट्ट्यात प्रवासाचे मागा आणि काम पक्कं झालं की बिलातून वळते करा. नुसतं "बघून तर जा" म्हणणारे त्यामुळे आपोआप गळतात. किल्लीची वेगळी फेरी मात्र टाळा. पहिल्या भेटीतच किल्ली घ्या, चालते का ते कुलपाला लावून बघा, आणि काम संपल्यावर परत द्यायला जायचं असेल तर तीही एक फेरी धरा. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर ते बहुधा स्वतःच म्हणतं, "राहू दे तुमच्याकडेच, दिवाळीत लागेलच."