‘तुम्ही जा’ म्हणायला शिकताना

"दुखणं कधी उपटेल याचा नेम नाही. मग कुठे जायचं ठरवावं तरी कसं?" मायग्रेन, दमा, सांधेदुखी, पोटाचा जुना विकार... आजार वेगवेगळे असतात, पण समुपदेशन करताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतो. माधवीताईंची गोष्ट त्यासाठीच सांगते आहे. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

माधवीताई पंचेचाळिशीच्या, पुण्यात सहकारनगरला राहणाऱ्या. घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितात, जीएसटीचे रिटर्न भरून देतात. मायग्रेन कॉलेजपासूनचा. आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मॅडम, माझ्यामुळे आमच्या घरातलं कुणीच कुठे जात नाही." डोकेदुखीचा विषय त्यानंतर बऱ्याच वेळाने निघाला.

व्हायचं असं, की रविवारी सिंहगडला जायचं ठरायचं. आदल्या रात्री पिशव्या भरून ठेवलेल्या. सकाळी उठावं तर डावं कानशील ठणकतंय, उजेड सहन होत नाही, उलट्या सुरू. यजमान लगेच म्हणायचे, "राहू दे. तू नाहीस तर आम्ही तरी कशाला जायचं?" मग मुलगी काही न बोलता पायातले बूट काढायची. बुटांचा तो आवाज आतल्या खोलीत ऐकू यायचा आणि डोक्यापेक्षा तोच जास्त लागायचा, असं माधवीताई म्हणाल्या. सासूबाई एकदा बोलून गेल्या, "बाहेर जायचं म्हटलं की बरं हिचं डोकं चढतं!" त्यानंतर माधवीताईंनी आधीच नकार द्यायला सुरुवात केली. लग्न, बारसं, भिशी, सगळीकडे एकच उत्तर: "मला जमेलसं वाटत नाही."

सासूबाईंचं बोलणं लागट होतं, पण निरीक्षण खोटं नव्हतं. दुखणं खरंच रविवारी यायचं. का, ते शोधायला मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. झोपेची आणि जेवणाची वेळ, चहा, गोळी, पाळी, कामाचा ताण, एवढंच लिहायचं. दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला रिटर्न भरायची मुदत असते, त्यामुळे त्या सुमाराच्या शनिवारी मध्यरात्रीपर्यंत काम चालायचं. एरवी सहाला उठणाऱ्या माधवीताई रविवारी उशिरापर्यंत झोपायच्या आणि उठल्यावर निघायच्या घाईत चहा-नाश्ता राहून जायचा. झोपेची वेळ बदलणं, उपाशी राहणं, रोजचा चहा चुकणं आणि आठवडाभराचा ताण एकदम उतरणं, या चारही गोष्टींनी मायग्रेन चाळवू शकतो. त्यांच्याकडे चारही एकाच सकाळी जमून यायच्या. यात ढोंग कुठेच नव्हतं. सासूबाईंना बोलावून मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि रविवारचा सहाचा चहा स्वतःकडे घेतला.

शनिवारची रात्र लांबायला लॅपटॉपही तितकाच कारणीभूत होता. ऐन कामात अपडेट सुरू व्हायचं. कोपऱ्यात सारख्या लाल पाट्या उगवायच्या, ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे’. एकदा तर त्या पाटीवरच्या नंबरला माधवीताई फोन लावणार होत्या. (अशा नंबरला कधीही फोन करू नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवा.) समुपदेशनात लॅपटॉपचं काय काम, असं कुणाला वाटेल. मला मात्र ठामपणे वाटतं, की माणसाची झोप खाणारी प्रत्येक कटकट विचारून घ्यायला हवी. भाच्याने पाहिलं तेव्हा व्हायरस वगैरे काही निघालं नाही. कुठल्याशा पीडीएफच्या साइटवर ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ या प्रश्नाला कधीतरी ‘अलाऊ’ दाबलं गेलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढली आणि पाट्या थांबल्या. अपडेटने मध्येच रीस्टार्ट होऊ नये म्हणून कामाचे तास नेमून दिले, अक्षर मोठं केलं, स्क्रीनचा उजेड उतरवला.

वहीत दिसलेली दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती. बाहेर जायचं असलं की डोकं दुखत नसतानाही त्या "उगाच नको विषाची परीक्षा" म्हणून गोळी घ्यायच्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनसाठीच्या खास गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. मी त्यांना लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी गोळ्यांचे दिवस बांधून दिले आणि झटके कमी व्हावेत म्हणून रोजचं वेगळं औषध सुरू केलं. आणखी एक सांगायलाच हवं. क्षणात भडकलेली असह्य डोकेदुखी, बोलणं अडखळणं, हातापायातलं बळ जाणं, तापासोबत मान ताठ होणं, यांतलं काही झालं तर मायग्रेन असेल म्हणून घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

यानंतर खरं अवघड काम यजमानांबरोबर होतं. "तुम्ही मुलीला घेऊन जा," असं मी सुचवल्यावर ते दुखावले. "आजारी बायकोला टाकून फिरायला जाऊ?" मायग्रेनचा झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो आणि त्या वेळी अंधार, शांतता आणि झोप लागते. मी विचारलं, "तेवढा वेळ तुम्ही काय करता?" म्हणाले, "आवाज बंद करून टीव्ही बघतो." माधवीताई पहिल्यांदाच मध्ये बोलल्या, "तुम्ही बाहेर बसलेले असता ना, म्हणून मला झोप लागत नाही." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांनी घरी थांबणं हे प्रेमच होतं, पण त्या प्रेमाचं ओझं आजारी माणसावर पडत होतं. मग ठरलं, की उशाशी पाणी, बादली आणि फोन ठेवायचा, सासूबाई घरात असतील, दुपारी एक फोन करायचा, आणि जायचं.

सुरुवात सारसबागेपासून केली. घराजवळ, संध्याकाळची वेळ, वाटलं तर रिक्षाने दहा मिनिटांत परत. थंडीचे दिवस होते, तळ्यातल्या गणपतीला स्वेटर-कानटोपी घातलेली. मुलीने त्याच्यासमोर आईबरोबर फोटो काढला. पुढे खडकवासला, आणि मग सिंहगड. गडासाठी बेतच असा केला, की बापलेक आतकरवाडीहून चढतील आणि माधवीताई नणंदेबरोबर गाडीने वर जातील, म्हणजे परतायला गाडी हाताशी. पिशवीत गॉगल, टोपी, पाणी, राजगिऱ्याचे लाडू.

एका खेपेला खडकवासल्यापाशीच जांभया सुरू झाल्या, मान आखडली. ही पूर्वलक्षणं त्या वहीमुळे ओळखायला लागल्या होत्या. दुखायला लागल्याबरोबर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेतली आणि नणंदेला म्हणाल्या, "मला घरी सोड. त्यांना सांग, चढा तुम्ही." बापलेक गडावर गेले, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन संध्याकाळी परतले. पुढच्या भेटीत माधवीताई सांगत होत्या, "डोकं दुखलं, खूप दुखलं. पण कुणाचा रविवार गेला नाही."

झटके आता कमी आहेत, थांबलेले नाहीत. २० तारखेचा आठवडा अजून जडच जातो, म्हणून दोन दुकानांचं काम त्यांनी सोडलं. पुढच्या महिन्यात नाशिकला पुतणीचं लग्न आहे. हॉलजवळच्या लॉजवर आपल्यासाठी एक वेगळी खोली हवी, असं त्यांनी जाऊबाईंना स्वतः फोन करून सांगितलं. जाऊबाईंनी त्याच दिवशी खोली धरून ठेवली.