तुमचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं: परसातली हेराल्ड बेताच्या पैशात कशी उभी करायची

गेल्या अंकात जुन्या गाड्यांबद्दल विचारा असं म्हटलं होतं, तर खानापूरपासून निपाणीपर्यंतनं पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच, गाडी आहे, हौस आहे, पैसे मात्र बेताचे. म्हणून या महिन्यात सगळी जागा त्यालाच दिली.

प्रश्न: नमस्कार काका. आमच्या वडलांची दोन दाराची स्टँडर्ड हेराल्ड, १९६७ ची, गोठ्याशेजारच्या शेडमधे बरीच वर्षं पडून हाय. लहानपणी तिच्यातनंच बेळगावला कॅम्पात जायचो. आता ती परत रस्त्यावर आणायची मनात हाय, काम घरीच करणार, धाकटा भाऊ वेल्डिंग करतोय. दोन लाखाच्या वर जाणं जमणार नाही. एक गॅरेजवाले म्हणाले बॉडी पूर्ण उचला, सगळं सुटं करा, आधी पेंट करून घ्या, मग बाकीचं बघू. हे बरोबर हाय काय? आणि लोक म्हणतात ही काय स्पोर्ट्स कार नव्हे, एवढा खर्च कशाला. — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: शेवटचं आधी सांगतो कारण ते मनाला लागलेलं दिसतंय. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड आली १९५९ ला, डिझाइन इटलीच्या मिकेलॉत्तीचं, आणि १९६२ ला त्याच कंपनीनं जी स्पिटफायर काढली, जिला जगभर स्पोर्ट्स कार म्हणतात, तिची चासी हेराल्डचीच आखूड करून बनवलेली आणि डिझाइनही मिकेलॉत्तीचंच. पुढचं सस्पेन्शन, मागचा आडवा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग), सगळं त्याच घराण्यातलं. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून आपल्याकडं हेराल्ड बनवली, म्हणजे तुमच्या शेडमधे स्पिटफायरची सख्खी बहीण उभी आहे. लोकांना बोलू दे.

आता गॅरेजवाल्यांचा सल्ला. माझं स्पष्ट मत, तसं अजिबात करू नका. दोन लाखाच्या बजेटमधे आधी पेंट केला की पैसे तिथंच संपतात आणि चमकणारी गाडी ब्रेकविना शेडमधेच राहते, असं मी आपल्या भागात किती घरी बघितलंय. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, रंग सगळ्यात शेवटी. आणि एकही बोल्ट सोडायच्या आधी आरसी बाहेर काढा, चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का बघा, आरटीओत जाऊन रजिस्ट्रेशन अजून जिवंत आहे का ते विचारा, कागद नसेल तर कितीही सुंदर काम केलं तरी ती गाडी रस्त्यावर येणार नाही.

बॉडी उचलायची घाई का नको ते सांगतो. हेराल्डला वेगळी चासी आहे, बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली, आणि बॉडी पण एकसंध नाही, पुढचा आणि मागचा भाग मधे बोल्टनं जोडलेला. खानापूरच्या पावसात अशी गाडी उभी राहिली की चासीपासून बाजूला निघणारे हात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते आतनं गंजतात, वरनं रंग दिसतो आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. हात कुजलेले असताना बॉडी उचलली तर सगळंच सैल होतं, परत ठेवताना दाराची फट वर दोन बोटं आणि खाली काहीच नाही असं होऊन बसतं, मग ती फट आयुष्यभर जुळत नाही. म्हणून आधी दारं बंद करून चारी बाजूच्या फटी मोजून वहीत लिहा, फोटो काढा, दाराच्या जागेत आडवी पट्टी वेल्ड करून ठेवा, आणि एका वेळी एकच हात कापा, नवीन बसवा, परत माप घ्या, मगच पुढचा. चासीला १६ गेजचा पत्रा, बॉडीला २० गेज, आणि भावाला सांगा आर्क वेल्डिंगनं पातळ पत्र्याला हात लावू नको, भोकं पडतील, सीओटू वेल्डिंगच पाहिजे. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी तर गाडीतनं काढून लांब नेऊन ठेवा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते.

ब्रेकवर कंजुषी करू नका. या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे, आजच्या गाडीसारख्या दोन नाहीत, कुठंही गळती झाली की चारी चाकांचा ब्रेक एकदम जातो. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळे सील नवीन, आणि लोखंडी पाइप गंजलेला दिसला की पूर्ण बदला. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर उद्यमबागेत चांगल्या लेथवाल्याकडनं स्लीव्ह घालून घेता येते. आपल्या बेळगावची हीच तर ताकद आहे, फाउंड्री आणि मशीन शॉप इतकी जवळ दुसऱ्या कुठल्या गावाला असतात! बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश बनवणं, हे सगळं घरापासून तासाभराच्या अंतरावर होतं. पण क्रँक घासायला देण्याआधी दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वीस थाउ, तीस थाउ यातलं कुठलं बेअरिंग मिळतंय ते नक्की करा, बेअरिंग हातात आल्याशिवाय घासू देऊ नका.

इंजिनाला लगेच स्टार्टर मारायचा नाही. चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधे थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता, दोन-चार दिवस तसंच राहू दे, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळू फिरवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. जुनं ऑइल काढा, नवीन घाला, टाकीतलं पेट्रोल अजिबात वापरू नका, बाहेर छोटा डबा टांगून त्यातनं द्या. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. बॅटरी लावायच्या आधी बघा की बॉडीला कुठली वायर गेलीये, या इंग्लिश घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांना प्लस बॉडीला असतो, सवयीनं मायनस लावला तर डायनमोचं वाटोळं. क्लच इतकी वर्षं उभा राहून फ्लायव्हीलला चिकटलेला असण्याची शक्यता खूप, गिअर पडत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आणि आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय, जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम त्यानं फुगतात, चिरतात, तेव्हा इथेनॉल सोसणारा होज घ्या, पैसे थोडे जास्त लागतात पण गरम इंजिनावर पेट्रोल गळण्यापेक्षा बरं.

पार्टसाठी कोल्हापूरला फेरी मारा, बेंगळुरात जे सी रोड बघा, चेन्नईला पुदुपेटचा जुन्या पार्टचा बाजार आहे आणि गाडीचं माहेरच तिकडलं. दोन लाखातला तिसरा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, कुणी काहीही म्हटलं तरी त्याला हात लावू नका, गाडी उघडल्यावर जे दिसतं त्याच्यासाठी तो पैसा.

प्रश्न: माझ्या हेराल्डचं पुढचं काम झालं, मिस्त्रींनी सगळ्या निपलांत मस्त ग्रीस भरून दिलं. तरी पार्किंगला स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या चाकातनं कट्कट् येतंय. दुर्लक्ष करू का? — एक वाचक, निपाणी

उत्तर: नाही! आज गाडी काढू नका, आधी हे वाचा. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यावर फिरतो, त्याला ट्रनियन म्हणतात. बाकी जगात सगळीकडं ग्रीस चालतं पण इथं ग्रीस नाही, गिअरचं ईपी ९० ऑइल लागतं. ग्रीस घट्ट, ते आट्यांच्या खाली पोचत नाही, तळाशी पाणी साचतं, दांडा आतल्या आत गंजतो आणि एक दिवस आट्याजवळ मोडतो, चाक गाडीखाली दुमडतं. बहुतेक वेळा हे हळू चालताना, पूर्ण वळवताना होतं कारण तेव्हा तिथं ताण जास्त, आणि तुम्ही जे सांगताय ते नेमकं तिथलंच आहे.

चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक वरनं-खालनं धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रनियनकडं बघायला सांगा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, दिसला की दांडा काढून रॉकेलनं धुऊन आट्यांचा शेवटचा भाग भिंगाखाली बघा, बारीक काळी रेघ किंवा गंजाचे खड्डे दिसले तर दांडा भंगारात, त्याच्यावर वेल्डिंग बिल्डिंग काही नाही. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट असतात, दुकानदार देईल ते घेऊ नका, बाजू सांगून घ्या. स्पिटफायरमुळं हे भाग इंग्लंडात अजून नवीन बनतात, पण जुन्या-नव्या मॉडेलांत फरक आहे, तुमचा भाग मापून मगच मागवा, कस्टम ड्यूटी धरून सुद्धा चाक निखळण्यापेक्षा स्वस्त. नवीन बसवल्यावर ऑइल गननं वरनं ओघळेपर्यंत ऑइल भरा, पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. तुमच्या मिस्त्रींना हे प्रेमानं सांगा, त्यांचं मन वाईट नव्हतं, ही गाडी शिकवणारे लोकच कमी राहिलेत.

प्रश्न: छोटे पार्ट उसाच्या मळीत (मोलॅसिस) बुडवले की गंज निघतो असं ऐकलंय. आम्ही कारखान्याजवळच राहतो. खरं काय? — एक वाचक, संकेश्वर

उत्तर: खरं आहे आणि आपल्या ऊसपट्ट्यासाठी यासारखं स्वस्त काही नाही. मळीतले घटक गंजातलं लोखंड धरून ठेवतात, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. ब्रॅकेट, बिजागऱ्या, स्प्रिंगच्या प्लेट, नट-बोल्ट तारेत ओवून सोडा, आठवडा ते दोन आठवडे, मधे एकदा काढून ब्रश मारा. फक्त कारखान्याच्या मळीवर एक्साइजचं नियंत्रण असतं, कॅन घेऊन गेटवर जाऊ नका, पशुखाद्याच्या दुकानात मिळते ती घ्या. अॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग (कार्ब्युरेटर, पंपाची बॉडी) चुकूनही टाकू नका, खाऊन टाकते. वास जबरदस्त सुटतो, माशा येतात, पिंप घरापासनं लांब ठेवा आणि वर झाकण. बाहेर काढल्यावर साबणाच्या पाण्यानं धुवा, उन्हात कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर, आपल्या हवेत रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी परत तांबडं झालेलं असतं.

प्रश्न: गाडी मामांची, चंदगडची, रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं. मी बेळगावात राहते. व्हिंटेज नंबर घ्यावा का? — एक वाचक, टिळकवाडी

उत्तर: सीमेवरच्या आपल्या लोकांची ही नेहमीची कटकट, नातं एका राज्यात आणि गाडी दुसऱ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नंबर बदलून घ्यावा लागतो, त्याला तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, आणि इकडचा टॅक्स. जुनं पुस्तकी आरसी असेल तर आधी महाराष्ट्रातच ते ऑनलाइन चढवून घ्या, बॅकलॉग एंट्री म्हणतात, ती नसताना बेळगावात तुमचं काम पुढं सरकणार नाही. मामांकडनं गाडी नावावर करायची असेल तर तेही याच वेळी.

व्हिंटेजचा नियम २०२१ ला आला. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढं परत करायला ५,०००. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण ही गाडी रोज भाजीला न्यायला नाही चालत, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी गाडी घेऊन गणपतीला किंवा चोर्ला घाटाला जायचं मनात असेल तर साधं रजिस्ट्रेशन जिवंत ठेवून रिन्यू करत राहणंच बरं, माझं मत तेच.

घाटाचं निघालंच तर एक, मागचं चाक हेराल्डमधे वळणावर आत दुमडायला बघतं, मागं आडवा पाटा आणि स्विंग अॅक्सल (चाकाबरोबर वरखाली झुलणारा) असल्यानं. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात अॅक्सिलरेटर एकदम सोडू नका.

प्रश्न: माझ्या सॅन स्टॉर्म या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या फायबर बॉडीला बॉनेटजवळ भेगा. टिंकरिंगवाला पुट्टी भरू म्हणतोय. — एक वाचक, बेळगाव

उत्तर: पुट्टी महिन्यात परत फुटेल. भेग दोन्ही बाजूनं उतरती घासा, मागच्या बाजूनं फायबर मॅट आणि रेझिन दोन-तीन थर, मग वरनं. भर पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही. आणि बॉडीला गंज नाही म्हणून खालची लोखंडी चासी विसरू नका, ती बघा आधी.

प्रश्न: हेराल्डचं छप्पर कापून ओपन करायची इच्छा आहे. खर्च किती येईल? — एक वाचक, चिकोडी

उत्तर: कापू नका हो. हेराल्डचं छप्पर बोल्टवर बसवलेलं असतं, गॅस कटर लावायची गरजच नाही, पण छप्पर गेलं की बॉडीची ताकद कमी होते, कंपनीनं ओपन मॉडेलला मागं जादा बळकटी दिली होती ती तुमच्या गाडीत नाही, खड्ड्यात दारं आपोआप उघडायला लागतील. शिवाय आरसीत जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करणं मोटर व्हेइकल अॅक्टच्या कलम ५२ खाली येतं आणि व्हिंटेज नंबरचा रस्ताही बंद होतो. त्या पैशात छपराच्या कडेचं रबर आणि काचांची बिडिंग नवीन घाला, पाणी तिथनंच आत येऊन फ्लोअर खातंय.