गॅलेनाचा खडा तापवत गेलं तर व्होल्टेज वाढतच जाईल का?

तुमच्याकडे गॅलेनाचा खडा आहे, एक टोक तापवलं की मल्टिमीटर थोडे मिलिव्होल्ट दाखवतो, आणि आणखी तापवलं तर आकडा चढतच राहील का, हा तुमचा प्रश्न. चढेल, पण एका मर्यादेपर्यंतच. मग उतरायला लागेल.

गॅलेना म्हणजे शिसं आणि गंधक, खाणीतून आयता मिळणारा अर्धवाहक. गरम टोकाकडचे विद्युतभार वाहणारे कण थंड टोकाकडे सरकतात, म्हणून व्होल्टेज येतं. धातूच्या तारांत अंशामागे जेमतेम काही मायक्रोव्होल्ट मिळतात, गॅलेनात शेकडो मिळू शकतात. समजा ३०० धरले आणि दोन टोकांत ५० अंशांचा फरक ठेवला, तर १५ मिलिव्होल्ट झाले.

पुढची गोम अशी, की गॅलेनाचा ऊर्जाफरक, म्हणजे बंधातला इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा, फार लहान आहे, साधारण ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनचा १.१. त्यामुळे खडा तापला की बंधांतले इलेक्ट्रॉन सुटायला लागतात आणि मागे होल, म्हणजे धन भारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा, उरतात. दोघंही थंड टोकाकडेच धावतात, पण भार उलट! एकाने कमावलेलं दुसरा घालवतो. हे कुठल्या तापमानाला सुरू होईल ते भेसळीवर ठरतं: भेसळ जास्त तर उशिरा, कमी तर लवकर.

आणि नैसर्गिक खड्यात भेसळ असतेच. चांदी शिरली तर होल वाढतात, बिस्मथ किंवा अँटिमनी शिरलं तर इलेक्ट्रॉन. गंधकाचं प्रमाण किंचित हललं तरी तोच परिणाम. मी एकाच ढेकळातून फोडलेले दोन चौकोनी तुकडे तपासले होते. एकाला अधिक आलं, दुसऱ्याला उणे. मला आधी वाटलं प्रोबच उलटे लावलेत. तीनदा बदलून पाहिले, तेव्हा कुठे पटलं.

गॅसच्या शेगडीवर मात्र तापवू नका. हवेत गॅलेना जास्त तापला की गंधकाचा घाणेरडा धूर निघतो, शिवाय शिसं आहेच. सोल्डरिंग आयर्नचं टोक नुसतं टेकवा आणि दुसरी बाजू बर्फावर ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला लावा, नाहीतर लहानसा खडा अख्खा तापतो आणि फरकच उरत नाही. बऱ्याच जणांचा आकडा उतरतो तो खरं तर एवढ्याच कारणाने.

लाल प्रोब गरम टोकाला धरून आकडा अधिक आला तर तुमच्या खड्यात इलेक्ट्रॉनांचं राज्य आहे, उणे आला तर होलांचं. काय येतं ते खाली लिहा.