हॉटस्पॉट तुमचा, ‘हो’ कुणाचं?

प्रश्न : देवबागात आमचं चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे. बुकिंगचा मोबाईल माझ्या नावावर, पोस्टपेड, बारा वर्षांचा. नंबर बोर्डावर रंगवलेला आहे. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने सहज बिल उघडलं, तर ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस – गेम्स’ या नावाखाली १४९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. मागची बिलं काढली तर नोव्हेंबरपासून दहा बिलांत तेच. मी जन्मात गेम खेळले नाही. कस्टमर केअरने सेवा बंद केली, पण पैसे परत द्यायला नकार दिला. ‘तुमच्याच नंबरवरून चालू झालीय, सिस्टीममध्ये रेकॉर्ड आहे,’ म्हणे. सदिच्छा म्हणून एका महिन्याचे पैसे कमी करू म्हणाले. रागाने मी पुढची दोन बिलं भरलीच नाहीत. आता आउटगोइंग बंद आहे आणि दिल्लीच्या एका वकिलाची नोटीस आलीय, लोकअदालतीत हजर राहा म्हणून. मी कायएक दाबूक नाय, मग भरू कशाला? पोलिसांत जाऊ का? आणि एवढ्याशा रकमेसाठी कोर्ट परवडतं का?

उत्तर :

ताई, आधी ती दोन बिलं भरून टाका. आजच.

वकीलबाईही कंपनीच्याच निघाल्या असं वाटेल तुम्हाला. पण तुमच्याच पत्रातला क्रम बघा. गेमचे पैसे लागले ती दहाही बिलं तुम्ही भरून बसलात. सेवा गणपतीत बंद झाली. नंतरची दोन बिलं निव्वळ प्लॅनच्या भाड्याची, आणि अडवलीत नेमकी तीच. म्हणजे वादाचे पैसे कंपनीच्या खिशात आणि ज्याबद्दल वादच नाही ती थकबाकी तुमच्या नावावर. ‘तुमच्याकडून येणं आहे ते मी यातून वळतं केलं’ असं मनातल्या मनात करून चालत नाही. थकबाकी राहिली की पोर्टिंगचा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा, कोड मिळत नाही, क्रेडिट रेकॉर्डवर डाग पडू शकतो, आणि शेवटी नंबरच जातो. गेलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. दरवर्षी येणारे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे मे महिन्यात त्या माणसाला खोली विचारतील.

बिलं भरली की कंपनीला एक ईमेल करा. दोनच वाक्यं लिहा : ‘थकीत दोन बिलं आज भरली आहेत. माझ्या संमतीविना लावलेल्या १,७५८ रुपये २० पैशांच्या परताव्याची माझी मागणी कायम आहे.’ आकडा कसा आला? १४९ वर १८ टक्के म्हणजे २६.८२, महिन्याला १७५.८२, गुणिले दहा. जीएसटीसुद्धा मागायचा. लोक १४९ला दहाने गुणून मोकळे होतात आणि अडीचशेहून जास्त रुपये उगाच सोडून देतात.

नोटिशीला घाबरू नका. अशी पत्रं छापील असतात, फक्त नाव आणि रक्कम बदलते. लोकअदालत तडजोडीसाठी असते. दोन्ही बाजू राजी झाल्याशिवाय तिथे तुमच्याविरुद्ध काही ठरत नाही, गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. पैसे भरल्याची पावती जोडून त्या वकिलांना चार ओळींचं उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आता मूळ प्रश्न. तुमचं पत्र वाचून मला एक शंका आली, म्हणून मी तुम्हाला फोन केला. (इनकमिंग अजून चालू आहे, एवढं नशीब.) मी विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत लाइट जाते तेव्हा पाहुण्यांना इंटरनेट कुठून देता? तुम्ही अगदी सहज म्हणालात, ‘माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून देतंय ना, पासवर्ड फ्रीजवर चिकटवलेलो आसा.’

ताई, उत्तर त्या फ्रीजवर आहे.

मोबाईल डेटावरून एखादं गेमचं पान उघडलं की ते कुठल्या सिमवरून उघडलं हे कंपनीच्या यंत्रणेला आपोआप कळतं. नंबर टाकावा लागत नाही. घरच्या वायफायवर तसं होत नाही, तिथे नंबर आणि ओटीपी मागावा लागतो. पण हॉटस्पॉट म्हणजे मोबाईल डेटाच. तुमच्या हॉटस्पॉटवर पाच पाहुण्यांचे पाच फोन असले तरी कंपनीला ती सगळी ये-जा तुमच्या एकट्या सिमची दिसते. पडवीत बसलेल्या एखाद्या पोराने स्वतःच्या फोनवर जाहिरात उघडली, ‘कंटिन्यू’ दाबलं, आणि वर्गणी तुमच्या बिलात बसली, हे अगदी शक्य आहे. तसंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण तुम्ही काही दाबलं नाही हे खरं, आणि ‘तुमच्याच नंबरवरून’ हे कंपनीचं म्हणणंही खरं, ही दोन्ही एकत्र बसतात ती अशी.

कायद्याला मात्र नंबर पुरत नाही, संमती लागते. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १० जुलै २०१३ रोजी सगळ्या मोबाईल कंपन्यांना निर्देश दिला की अशी पैसे लागणारी सेवा ग्राहकाने दोनदा ‘हो’ म्हटल्याशिवाय चालू करायची नाही. दुसरं ‘हो’ सेवा विकणाऱ्याच्या पानावर घ्यायचं नाही, त्रयस्थाच्या संमती-यंत्रणेतून घ्यायचं, आणि तिथे सेवेचं नाव, दर, मुदत ग्राहकाला दिसली पाहिजे. सेवा चालू झाली की ग्राहकाला मेसेज गेला पाहिजे. त्याच निर्देशात १५५२२३ हा मोफत नंबर आहे. त्यावर फोन करून किंवा ‘स्टॉप’ असा मेसेज पाठवून अशी सेवा बंद करता येते, आणि चालू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत बंद करायला सांगितलं तर पैसे परत मिळतात.

ह्या चोवीस तासांचा आधार घेऊन कस्टमर केअर तुम्हाला परत फिरवेल. फिरू नका. ती सवलत आहे ‘हो’ म्हणून मागाहून मन बदललेल्या माणसाची. तुम्ही ‘हो’ म्हटलंच नाही ही वेगळी तक्रार आहे, आणि तिला चोवीस तासांची अट लागत नाही.

म्हणून ‘मी दाबलं नाही’ हे सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका. ‘मी तर नऊला झोपते’ हा पुरावा होत नाही, आणि न केलेली गोष्ट सिद्ध करायला कुणाला जमलंय? सिस्टीममध्ये रेकॉर्ड आहे म्हणतात ना, तर ते मागा. कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, मेसेजने की इंटरनेटच्या पानावरून, पहिली संमती कोणती, दुसरी कोणती, ती कुणाच्या यंत्रणेने घेतली, दुसऱ्या संमतीच्या वेळी कोणत्या बनावटीचा फोन होता. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. तुमचा फोन एका बनावटीचा आणि त्यांच्या नोंदीत दुसराच निघाला, तर ते पान तुमच्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं हे त्यांच्याच कागदावरून दिसेल. त्या तारखेचं तुमचं पाहुण्यांचं रजिस्टरही काढून ठेवा.

तुमची दुबळी बाजूही सांगते, समोरचा वकील ती काढणारच. सेवा चालू झाल्याचा मेसेज तुमच्या फोनवर आला असेल, आणि दहा बिलं तुम्ही न बघता भरलीत. ‘ग्राहकाला माहीत होतं, चालवून घेतलं,’ असं ते म्हणतील. मेसेजची पेटी पुसू नका. मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मेसेज पुतण्याकडून शोधून घ्या. सापडला नाही तर उत्तमच. सापडला तर त्यात दर आणि बंद करायची रीत लिहिलीय का ते बघा. बिल न वाचणं हा निष्काळजीपणा आहे, पण गप्प राहण्याने संमती होत नाही. पुढे ग्राहक आयोगाने त्यासाठी नुकसानभरपाई कमी धरली तर मला नवल वाटणार नाही, मूळ रक्कम मात्र मिळायला हवी.

निष्काळजीपणावरून तुम्हाला बोलायचा मला अधिकार नाही म्हणा. माझ्या वडिलांच्या फोनवर वर्षभर भजनाची कॉलर ट्यून होती. आम्हा भावंडांना वाटायचं, बाबांनी हौसेने लावलीय. बाबांना त्याचा पत्ताच नव्हता, कारण स्वतःची कॉलर ट्यून माणसाला स्वतःला ऐकू येत नाही. घरात वकील असून पैसे जात होते.

तक्रार कशी करायची? कंपनीचा तक्रारीचा नंबर १९८ लावा आणि पहिल्याच वाक्यात ‘तक्रार नोंदवायची आहे’ म्हणा. गणपतीत तुम्ही केलेला फोन त्यांनी बहुधा ‘सेवा बंद करण्याची विनंती’ म्हणून टाकला असेल. विनंती आणि तक्रार यांच्या नोंदी वेगळ्या असतात. तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, मिळतो आणि तो मेसेजने येतो. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागतात. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करायचं. त्याला शुल्क नाही, आणि ट्रायच्या २०१२च्या विनियमांनुसार ते ३९ दिवसांत निकाली काढावं लागतं. तो प्राधिकारी कंपनीनेच नेमलेला असतो, तेव्हा फार आशा धरू नका. ग्राहक आयोगात जायला अपील सक्तीचं नाही, तरी ते केलेलं असलं की फाइल भक्कम होते. संमतीच्या नोंदीची मागणी तक्रारीत आणि अपिलात दोन्हीकडे लिहा. दोनदा मागून दिली नाही हेच पुढे तुमच्या कामी येईल. ट्रायला थेट पत्र पाठवून उपयोग नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत.

मग ग्राहक आयोग. मोबाईलच्या बिलासाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही, लवादाकडेच जावं लागतं, असं कुणी सांगेल. ते जुनं झालं. २००९च्या एका निकालामुळे बरीच वर्षं तशी अडचण होती खरी. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली. त्या प्रकरणात अहमदाबादच्या ग्राहकाला महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल यायचं आणि एका महिन्याला २४,६०९ रुपये ५१ पैसे आलं होतं. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवा’ या व्याख्येत दूरसंचार स्पष्ट शब्दांत घातलंय.

तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे सिंधुदुर्गाच्या मुख्यालयात, ओरोसला. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं, ई-जागृती पोर्टलवरून दावा घरबसल्या दाखल होतो आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या अशी विनंतीही करता येते. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. मुदत दोन वर्षांची आहे. पहिलं बिल नोव्हेंबरचं, तेव्हा त्याच्यापासून दिवस मोजा आणि पुढच्या गणपतीची वाट बघू नका. मागणीत मूळ रक्कम, त्यावर व्याज, त्रासापोटी आणि खर्चापोटी काही हजार एवढंच लिहा. सतराशे रुपयांसाठी पाच लाखांचा मनस्ताप लिहिणारे अर्ज मी पाहिलेत. ते वाचून आयोगाचे सदस्य फक्त चष्मा काढून पुसतात.

एक हरकत येईल : फोन धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही. बिल काढून बघा, त्यावर जीएसटी नंबर घातलाय का, की कनेक्शन साधं तुमच्या नावावर आहे? साधं असेल तर सांगा की हा घरचाच फोन, चार खोल्या आम्ही घरची माणसंच राबून चालवतो, पोटापुरतं. स्वतः राबून उपजीविका करणाऱ्याला कायदा बड्या व्यापाऱ्यासारखा मोजत नाही.

पोलिसांत सध्या नको. कुणी फसवलं याचं नावच तुमच्याकडे नाही, आणि मालवणचे हवालदार तुम्हाला कस्टमर केअरलाच फोन लावायला सांगतील. पैसे बिलातून न जाता थेट बँक खात्यातून किंवा यूपीआयच्या ऑटोपेने गेले असते तर गोष्ट वेगळी होती. मग बँकेला कळवून ते आधी थांबवायचं, आणि फसवणूक असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन.

फ्रीजवरचा कागद आजच काढा. पाहुण्यांसाठी वायफायच्या राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडा, किंवा वेगळं प्रीपेड सिम ठेवा, ज्यात फार पैसेच नसतात. आणि त्या सदिच्छेच्या एका महिन्याबद्दल : बिलात वजा करून देत असतील तर देऊ देत, पण ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असे शब्द असलेल्या मेसेजला किंवा ईमेलला ‘ओके’ म्हणू नका. पैसे वजा झालेच, तर दाव्यात आकडा १,५८२ रुपये ३८ पैसे लिहा.