गुलाबी बोंडांची स्पिंडल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमध्ये नुकतंच घर घेतलं. बागेच्या कडेला दहा-बारा फुटांचं झाड आहे. सप्टेंबरपासून त्याला गुलाबी बोंडं आली, ती उकलून आतून नारिंगी बिया दिसतात. शेजारी म्हणतात विषारी आहे. मुलगा तीन वर्षांचा आहे. झाड तोडावं का?

उत्तर : वर्णनावरून ही स्पिंडल, म्हणजे युओनिमस युरोपिअस. खात्रीसाठी कोवळी फांदी बघा : हिरवी आणि चौकोनी असते, बोंडालाही चार पाकळ्या असतात. नारिंगी दिसतं ते बीवरचं आवरण. बी आत पांढरी असते. झाडाचे सगळेच भाग विषारी आहेत, पण मुलांचा हात जातो तो फळांकडे. पक्षी ती खातात, यावर जाऊ नका.

तोडायची घाई नको. फेब्रुवारीअखेर मुलाच्या हाताला येणाऱ्या खालच्या फांद्या बुडापासून काढा. बोंडं गुलाबी होऊ लागली की आवाक्यातली खुडून टाका आणि खाली पडलेली रोज झाडा. एवढी राखण जमणार नसेल, तर दरवर्षी कुंपणासारखी घट्ट छाटा. फूल आणि फळ दोन्ही फार कमी धरतं. शोभा जाते, पण मूल मोठं होईपर्यंत चालेल.

फळ खाल्लंच, तर उलटी करवू नका. तोंडातलं काढा, फांदीचा तुकडा जपून ठेवा आणि लगेच १११ ला (एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला क्रमांक) फोन करा. मूल बेशुद्ध झालं किंवा झटके आले तर ९९९ ला, म्हणजे आणीबाणीच्या क्रमांकावर. उलट्या-जुलाब सुरू व्हायला १२ तासही लागतात, तेव्हा ‘आता तर बरा आहे’ म्हणून थांबू नका.

प्रश्न : मार्चमध्ये बिया पेरल्या, एकही रुजली नाही.

उत्तर : बी मेलेली नसेल, झोपलेली असेल. तिला आधी ऊब आणि मग थंडी लागते. हातमोजे घालून नारिंगी आवरण चोळून काढा, बिया ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरा. २० अंशांवर ८ ते १२ आठवडे, नंतर फ्रीजमध्ये ३-४ अंशांवर १२ ते १६ आठवडे. पिशवीवर ‘विषारी’ लिहायला विसरू नका, फ्रीज घरातला आहे! वाळू सुकली की सगळं फुकट. आधीची कुंडी मात्र फेकू नका. बाहेर ठेवलेली बी पुष्कळदा दुसऱ्या वसंतात उगवते.

प्रश्न : स्पिंडलमुळे ब्रॉड बीन्सवर काळा मावा येतो का?

उत्तर : येतो. माव्याची अंडी हिवाळाभर स्पिंडलवर असतात आणि मे-जूनमध्ये पंखवाला मावा ब्रॉड बीन्सच्या रोपांवर उतरतो. पण तो लांबूनही उडत येतो, म्हणून आपलं झाड पाडून फारसा फरक पडत नाही. खालच्या शेंगा धरू लागल्या की रोपांचे शेंडे खुडा. मावा कोवळ्या शेंड्यांवरच आधी बसतो.